नादाचे अंक



ज्या वस्तूविषयीं आज बोलावयाचें आहे, ती बहुतेकांच्या घरीं आहे आणि फार थोड्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली आहे. संगणकाच्या पोटांत, किंवा त्याच्या शेजारीं एखाद्या चपट्या डबीच्या रूपानें, एक लहानशी पाटी असते. तिला साउंड कार्ड म्हणतात. मायक्रोफोनांतून आलेल्या आवाजाचे आंकडे करावयाचे आणि आंकड्यांचा पुन्हां आवाज करावयाचा, एवढींच तिचीं दोन कामें. सिनेमाचीं गाणीं ऐकण्यापुरतें पाहिलें तर ही बाब क्षुल्लक आहे. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, सातपुड्याच्या पायथ्याशीं, जळगांव जामोद तालुक्यांत एक भाषा आज मोजक्या माणसांच्या तोंडीं उरली आहे. तिच्या बाजूनें पाहूं गेल्यास ही पाटी क्षुल्लक राहत नाहीं. म्हणून पाटीचा इतिहास मी त्या भाषेला बरोबर घेऊनच सांगणार आहें.

त्या भाषेचें नांव निहाली. जुन्या इंग्रजी ग्रंथांत नहाली असेंही लिहिलेलें सांपडतें. जामोद, सोनबर्डी, चालठाणा या बाजूच्या गांवांतून ती बोलली जाते, आणि बोलणारे सारे मिळून सुमारें २,५०० भरतात. युनेस्कोनें तिची गणना अत्यंत धोक्यांत असलेल्या भाषांत केली आहे. शेजारीं कोरकू आहे, वऱ्हाडी मराठी आहे, हिंदी आहे. निहाली बोलणाऱ्या मनुष्याला बाजारहाट, शाळा, कचेरी यांसाठीं या शेजारच्या भाषा लागतात, आणि त्याची स्वतःची भाषा घराच्या उंबऱ्याच्या आंत राहते. नवल हें कीं, हिचें नातें जगांतील कोणत्याच भाषेशीं खात्रीनें जुळवितां आलेलें नाहीं. मराठी आर्य कुळांतली, तेलुगु व कानडी द्राविड कुळांतल्या, कोरकू मुंडा कुळांतली. निहालीनें या तिन्ही घराण्यांकडून शब्दांची उसनवारी भरपूर केली, पण तळाशीं जो गाभा उरतो तो तिचा एकटीचा. एकाला ती 'बिडुम' म्हणते. हा शब्द शेजारणींपैकीं कोणाचाच नाहीं. दोन, तीन, चार यांस 'इरार', 'मोथो', 'नालो' असे शब्द आहेत, आणि ते द्राविडांच्या जवळचे दिसतात. पांचापासून पुढें सगळा कारभार आर्य भाषांचा. हाताचीं पांच बोटें मोजतां मोजतां केवढा इतिहास डोळ्यांपुढून जातो पाहा!

ह्या भाषेची पहिली नोंद करणारांचे आपण ऋणी आहोंत. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीचा चवथा खंड १९०६ सालीं निघाला. त्यांत स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानें निहालीला कोरकूची पोटभाषा म्हणून जागा दिली. १९५७ सालीं सुधिभूषण भट्टाचार्य यांचीं टिपणें प्रसिद्ध झालीं. १९६२ सालीं कायपर नांवाच्या डच विद्वानानें तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, आणि त्यांत चोरट्या जमातींच्या सांकेतिक बोलीसारखें कांहीं तिच्यांत मिसळलें असावें काय, असा प्रश्न उभा केला. १९९६ सालीं आशा मुंडले यांनीं जमविलेला शब्दसंग्रह छापला गेला. हें सर्व कार्य थोर खरें, पण तें कागदावरचें आहे. कागदावर शब्द राहतो. बोलणें राहत नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत 'हो' हा एक अक्षरी शब्द मीं निदान आठ प्रकारांनीं ऐकला आहे. कबुलीचा हो, भीतीचा हो, टाळाटाळीचा हो. आणि फळ्यावर लिहावा तर आठहि सारखेच. मराठीची ही गत, तर जिला स्वतःची लिपि नाहीं आणि जिचें व्याकरण अजून पुरतें उलगडलेलें नाहीं, तिच्या बाबतींत नुसत्या अक्षरांवर विसंबून किती चालणार?

आवाज धरून ठेवण्याची खटपट मनुष्यानें फार उशिरां आरंभिली. फ्रान्समध्यें १८५७ च्या सुमारास स्कॉट नांवाच्या गृहस्थानें काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ ओढणारें यंत्र केलें. रेघ दिसे, पण ती वाजवितां येत नसे, आणि तशी त्याची कल्पनाहि नव्हती. १८७७ सालीं एडिसननें बोलतें यंत्र काढलें. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें तबकडींत भरून घेऊन गेला, आणि पुढच्या पिढींत आपल्याकडे सधन घरांतून कर्णा दिसूं लागला. ग्रिअर्सननींहि तबकडीचें महत्त्व ओळखलें. पाहणीचे छापील खंड निघत असतांना आणि नंतरहि, गतशतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत, प्रांतोप्रांतींच्या भाषांच्या दोनशेंहून अधिक तबकड्या भरविण्यांत आल्या. बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट हा त्यांतील नेहमींचा मजकूर. तोच मजकूर निरनिराळ्या भाषांत ऐकला कीं तुलना सोपी पडे.

तबकडीची खोड सर्वांस ठाऊक आहे. दर वेळीं सुई खोबणींतून फिरते ती कांहीं खरवडूनच. म्हणजे जी तबकडी जितकी मोलाची, तितकी ती अधिक वाजवावी आणि तितकी लवकर झिजावी! १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत चुंबकीय फितीचें यंत्र आलें, १९६३ सालीं कॅसेट आली. सुईची झीज गेली. पण फितीचा स्वतःचा एक सूं असा आवाज असतो, आणि नकलेंत तो दुपटीनें उतरतो. मूळ, मुळाची नक्कल, नकलेची नक्कल; तिसऱ्या पिढीला बोलणारा जणूं पावसांत उभा राहून बोलत आहे असें वाटूं लागतें. शिवाय फीत ही वस्तु उन्हाळ्यास, बुरशीस व वर्षांस भिते. आमच्या जिल्ह्यांतला मे महिना ज्यांनीं सोसला आहे त्यांस अधिक सांगणें नको.

येथें गोष्टीला वळण मिळतें, आणि तें टेलिफोनच्या बाजूनें. १९३७ सालीं पॅरिसमध्यें एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत अलेक रीव्ह्ज नांवाचा इंग्रज काम करीत होता. लांबच्या तारेंतून आवाज जातां जातां त्यांत खरखर मिसळते, आणि वाटेंत आवाज मोठा करावा तर खरखरहि मोठी होते, ही त्या काळची अडचण. रीव्ह्जनें विचार केला कीं, आवाज पाठवावाच कशाला? त्याचें माप घ्यावें आणि मापाचे आंकडे पाठवावे. आंकडा कितीहि खरखरीतून आला तरी तो सात आहे कीं आठ एवढें ओळखूं आलें म्हणजे पुरे. कल्पना बिनतोड होती. पण काचेच्या दिव्यांच्या त्या जमान्यांत तें यंत्र इतकें अवजड व महाग झालें असतें कीं ती बरींच वर्षें नित्याच्या वापरांत आली नाहीं.

माप घेणें म्हणजे काय, हें दवाखान्यांतल्या तापाच्या तक्त्यावरून समजेल. नर्सबाई ठराविक वेळानें थर्मामीटर लावते आणि टिंब देते. टिंबें जोडलीं कीं तापाची रेघ. आतां दोन प्रकारांनीं हा तक्ता फसूं शकतो. बाई दिवसांतून एकदांच आली, तर मध्यरात्रीं चढून पहांटे उतरलेला ताप तिला कळणारच नाहीं. आणि ती वेळेवर आली, पण थर्मामीटरवर नुसत्या पूर्ण अंशांच्या खुणा असल्या, तर बारीक चढउतार निसटेल. ध्वनीचें अगदीं तेंच आहे. सेकंदांत किती वेळां मापावें हा पहिला प्रश्न. मापपट्टीवर खुणा किती हा दुसरा. पहिल्याचें उत्तर अमेरिकेंतील नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या निबंधांत बीजरूपानें आहे व शॅनन यांनीं १९४९ सालीं तें चोख मांडलें: ज्या कंपनांची जी सर्वांत मोठी संख्या धरावयाची, तिच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें पाहिजे. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून ४०,००० च्या वर मापें हवींत.

अंकांवर चालणारा टेलिफोन आला तेव्हां त्यांत सेकंदाला ८,००० मापांवर भागविलें गेलें. अर्थात् ४,००० कंपनांच्या वरचें सारें कापलें गेलें. आपल्या 'स' चा सुस्कार मुख्यतः त्याच्या वरच राहतो. फोनवर अनोळखी आडनांव ऐकतांना 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होतो तो यामुळें. आपण आडनांव आधींच ओळखत असलों तर मन दुरुस्त करून घेतें. ज्या भाषेचे शब्द ऐकणाराला ठाऊकच नाहींत, तिच्या बाबतींत मन काय दुरुस्त करणार?

सोनी व फिलिप्स यांची चकचकीत तबकडी १९८२ सालीं बाजारांत आली, तिच्यांत सेकंदाला ४४,१०० मापें आहेत. हा विचित्र आंकडा कोठून आला असेल, असें माझ्यांतल्या गणिताच्या मास्तरास नेहमीं वाटे. उलगडा मोठा गमतीचा आहे. आरंभीं इतके आंकडे सांठविण्यास दूरचित्रवाणीच्या फितीचींच यंत्रें हाताशीं होतीं, आणि चित्राच्या एका ओळींत तीन मापें बसत. अमेरिका व जपान यांच्या पद्धतींत ६० गुणिले २४५ गुणिले ३. युरोपच्या पद्धतींत ५० गुणिले २९४ गुणिले ३. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येतें. मापपट्टीवर खुणा ६५,५३६ ठेविल्या. दोनाचा सोळावा घात, म्हणून तिला सोळा बिटांची म्हणतात. दोन्ही कानांचे मिळून तासाला ६३,५०,४०,००० बाइट होतात. त्या वेळच्या घरगुती संगणकांत याचा शंभरावा हिस्साहि मावला नसता.

त्या संगणकाला आवाज मुळीं नव्हताच, नुसती शिट्टी होती. मोठ्या संगणकावर मॅक्स मॅथ्यूज यांनीं अमेरिकेंत १९५७ सालींच आंकड्यांतून सूर काढून दाखविला होता, पण तें पंडितांचें काम. घरगुती यंत्रासाठीं १९८७ सालीं कॅनडांतून अॅडलिब नांवाचें कार्ड आलें. तें स्वतः सूर बनवी, बाहेरचा आवाज घेत नसे. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर काढलें. तें बाहेरचा आवाज घेई, मात्र त्याच्या मापपट्टीवर २५६ च खुणा होत्या. मुलांच्या खेळांतल्या बंदुकींना तेवढें पुष्कळ. १९९२ सालीं त्याच कंपनीनें सोळा बिटांचें कार्ड आणलें. इकडे कॅलिफोर्नियांतील डिजिडिझाइननें १९८९ सालींच ध्वनिमुद्रण करणारांसाठीं साउंड टूल्स नांवाची योजना मॅकिंटॉश संगणकाला जोडली होती, आणि शतक संपतां संपतां जर्मनीची आर. एम. ई., अमेरिकेची एम-ऑडिओ वगैरेंचीं कार्डें चोवीस बिटांवर व सेकंदाला ९६,००० मापांवर पोहोंचलीं. चोवीस बिट म्हणजे १,६७,७७,२१६ खुणा. इतक्या खुणा प्रत्यक्षांत कोणत्याहि पाटीला नीट वाचतां येत नाहींत, कारण शेवटच्या कांहीं खुणा विजेच्या स्वाभाविक खळबळींतच बुडतात; तरी वाव मोठा राहतो. वृद्ध स्त्री हळूच बोलूं लागली आणि मध्यें एकदम हसली, तरी दोन्ही मापांत बसतें.

मग घरच्या संगणकांत असते ती पाटी आणि व्यवसायाची पाटी यांत फरक तो काय, असें कोणी विचारील. खुणांची संख्या दोन्हींवर आज सारखी लिहिलेली सांपडते. फरक आहे तो शांततेचा आणि घड्याळाचा. संगणकाचें पोट म्हणजे विजेचा आठवडी बाजार: पंखा, वीजपुरवठा, तबक, सेकंदाला अब्जावधी वेळां उघडझांप करणारी यंत्रणा. मायक्रोफोनची वीज त्यापुढें अगदींच नाजूक. ती त्या बाजारांतून नेली कीं बाजाराचा कलकलाट तिला चिकटतो. म्हणून चांगल्या कार्डांत माप घेण्याचें काम पेटीबाहेर, निराळ्या डबींत करतात, आणि मायक्रोफोनपासून तेथपर्यंत दुहेरी तारेनें अशा युक्तीनें नेतात कीं वाटेंत शिरलेली घरघर दोन तारांत एकमेकीस खोडून टाकते. घड्याळाचें म्हणाल तर नर्सबाई ठरल्या क्षणींच आली पाहिजे. दोन मिनिटें अलीकडे-पलीकडे झालीं कीं तक्ता वांकडा. येथें मिनिटें नाहींत, सेकंदाचे अब्जांश आहेत, आणि ते पाळण्यासाठीं चांगल्या पाटींत उत्तम जातीचा स्फटिक बसविलेला असतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें जुने ध्वनि अंकांत आणण्याविषयीं जें मार्गदर्शन छापलें आहे, त्यांत चोवीस बिट व किमान ४८,००० मापें सांगितलीं आहेत, आणि संगणकाच्या आंतली साधी पाटी या कामास पुरी पडत नाहीं हेंहि स्वच्छ शब्दांत म्हटलें आहे.

मला हें पुस्तकांतून कळण्याआधीं कानांनीं कळलें. माझ्याजवळ दळणाच्या वऱ्हाडी ओव्यांची एक कॅसेट आहे. म्हणणारी म्हातारी केव्हांच गेली. एका दुकानांत ती संगणकावर उतरवून घेतली तेव्हां ओव्यांच्या खालून सतत घूं असा नाद येई आणि 'च', 'स' हीं अक्षरें चिंध्या झाल्यासारखीं ऐकूं येत. पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली बाहेरची डबी आणून तीच कॅसेट त्याच टेपवर लावली. जात्याच्या खुंट्याचा ठोका, मध्येंच घेतलेला श्वास, आणि ओवी संपतांना म्हातारीनें पदरानें तोंड पुसलें असावें तो बारीक आवाज, हें सारें त्या फितीवर इतकीं वर्षें होतें. पाटी निराळी होती, एवढेंच.

ओव्यांवरून आठवलें. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ या जोडीनें मावळांतून व पुढें महाराष्ट्राच्या इतर भागांतून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमविल्या. संगीत आणि संगणक या दोन्हींचा जाणकार असलेला फ्रेंच गृहस्थ बर्नार्ड बेल १९९० नंतरच्या दशकांत त्यांस मिळाला, आणि शंभरावर तासांचें मुद्रण झालें. ज्या बायका तेव्हां गायल्या त्यांच्यापैकीं अनेकींचा आवाज आज तेथेंच उरला आहे. पिठाच्या गिरणीनें जातें उचललें तशा ओव्याहि उचलल्या गेल्या.

आतां मूळ मुद्द्याकडे. आंकडा झिजत नाहीं. नकलेची नक्कल केली, तिची पुन्हां शंभर वेळां केली, तरी शेवटची पहिल्यासारखीच. आणि शंका वाटलीच तर आपण बेरजेचा ताळा पाहतों तसा संगणकहि ताळा पाहून एक बाइट चुकला तरी सांगतो. एडिसनपासून कॅसेटपर्यंत जें कोणास साधलें नाहीं तें येथें साधलें. परंतु याच गुणाची दुसरी बाजू कठोर आहे. हवेंतला आवाज आंकड्यांत उतरतो तो एकदांच, त्या पाटीवर, त्या क्षणीं. तेथें जें मापलें गेलें नाहीं तें पुढें कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं, आणि तेथें जी घरघर शिरली ती आवाजाइकीच चिरंजीव होते. पूर्वीं झीज सर्व आयुष्यभर वांटलेली असे. आतां सगळा धोका त्या एका उंबरठ्यावर येऊन बसला आहे. हल्लीं मोबाइलवरून आवाजी निरोप धाडतात, त्यांत तर जागा वांचविण्यासाठीं कानाला सहज उमगणार नाहीं असा भाग मुद्दाम टाकून दिलेला असतो. निरोपाला तें ठीक आहे. एखाद्या भाषेचे शेवटचे जाणते त्या रीतीनें मुद्रित करूं नयेत, असें मला आग्रहानें वाटतें.

१८५७ च्या त्या काजळीच्या रेघांचें पुढें काय झालें, तेंहि येथेंच सांगून टाकतों. १८६० सालीं ओढलेल्या एका रेघेचें अमेरिकन संशोधकांनीं २००८ सालीं बारीक छायाचित्र घेतलें, रेघेचे आंकडे केले आणि ते संगणकास दिले. दीडशें वर्षें मुकी असलेली रेघ कांहीं क्षण गायली. स्कॉटनें रेघ प्रामाणिकपणें ओढली होती म्हणून हें घडलें. वाजविणारी पाटी मागाहून आली तरी चाललें.

निहालीचें मुद्रण डेक्कन कॉलेजचे भाषाशास्त्रज्ञ शैलेन्द्र मोहन यांनीं केलें. संकटग्रस्त भाषांचा जो संग्रह लंडनच्या विद्यापीठांत होता त्यांत तें ठेविलें गेलें, आणि तो संग्रह २०२१ सालीं बर्लिनच्या विज्ञान अकादमीकडे गेला. ज्या शहरांत चुंबकीय फीत प्रथम लोकांपुढें आली, त्याच शहरीं जामोदच्या बाजूची बोली आतां आंकड्यांच्या रूपानें नांदत आहे. त्या संग्रहाचा दंडक असा कीं, आवाजांतला कोणताहि भाग न गाळतां, पूर्ण मापांनिशीं तो दिला पाहिजे. डेक्कन कॉलेजनेंच राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानें मराठीच्या बोलींचीहि पाहणी हातीं घेतली असून महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांचें बोलणें मुद्रित केलें आहे. तीं मुद्रणें घरबसल्या ऐकतां येतात. वऱ्हाडी ऐकतांना कर्ण्याऐवजीं कानांत बसणारे ध्वनिक्षेपक लावावेत. वाक्याच्या शेवटीं आमच्याकडचा स्वर जो हेल घेतो, तो साध्या मोबाइलच्या कर्ण्यांतून पुरता उतरत नाहीं.